पाऊस बदलला, गावाने तयारी कशी करायची आणि पैसे कोण देणार?

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडच्या गावांची जी दैना केली, ती सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. टँकरची वाट बघण्यात ज्या भागाच्या पिढ्या गेल्या, तिथे माणसे घराच्या छतावर बसून बोटीची वाट बघत होती. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. जमीन खरडून गेलेल्यांना हेक्टरी ४७ हजार रोख, आणि ती पुन्हा लागवडीजोगी करायला रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत, अशी त्यात तरतूद होती.

तेव्हापासून पारावर आणि व्हॉट्सॲपवर एक प्रश्न फिरतो आहे. माती वाहून गेल्यावर तीन लाख निघतात, मग ती वाहून जाऊ नये म्हणून आधी का निघत नाहीत?

प्रश्न चोख आहे. पण ‘सरकारला अक्कल नाही’ एवढ्याने त्याचे उत्तर होत नाही. आधी करायच्या कामांनाही पैसे असतात. ते वेगवेगळ्या खिशांत असतात, प्रत्येक खिशाचे बटण वेगळे, आणि ते उघडायला गावाकडे एक आराखडा लागतो. तोच बहुतेक गावांकडे नसतो. असतो तो दुसऱ्या गावावरून उतरवलेला.

## शाकारणी आणि चुलीचा धूर

हवामानबदलाच्या चर्चेत दोन शब्द सतत येतात. पहिला ‘शमन’: हवेत जाणारा कार्बन वायू कमी करणे. सौर पंप, विजेवरच्या गाड्या यात येतात. दुसरा ‘अनुकूलन’: हवामान बदलणारच आहे असे धरून आपले घर-शिवार त्याला तोंड देण्याजोगे करणे. घरात धूर कोंडतो म्हणून चुलीत लाकडे कमी घालणे हे शमन, आणि मृगाआधी कौले उतरवून घर शाकारून घेणे हे अनुकूलन.

गावाच्या हातात मुख्यतः शाकारणी आहे. आणि शाकारणीला सावकार मिळत नाही, हीच मेख. सौर पंप बसवला की वाचलेले बिल दिसते, म्हणून त्यात बँक पैसे घालते, कंपनीही घालते. डोंगरउतारावर चर खणले आणि माती वाहून गेली नाही, तर त्या न झालेल्या नुकसानीची पावती कुणी फाडत नाही.

सरकारी हिशेबही याच वळणाचा आहे. केंद्राचा पैसा राज्यांत कसा वाटायचा हे ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन वाटे केले: १०० पैकी ८० रुपये आपत्तीनंतरच्या मदतीला आणि २० रुपये आपत्तीची झळ आधीच कमी करणाऱ्या कामांना. हा वीस टक्क्यांचा वेगळा कप्पाही त्या आयोगामुळेच झाला. (सरकारी कागदांत त्यालाही कधीकधी ‘शमन निधी’ म्हणतात. वरच्या शमनाशी त्याचा संबंध नाही. परिभाषा करणाऱ्यांनी आपल्यावर एवढी कृपा करायला नको होती.)

## पाण्याचा जमाखर्च

मग गावाने सुरुवात कुठून करायची? पैशाआधी पाण्याच्या हिशेबापासून. याला ‘पाण्याचा ताळेबंद’ म्हणतात. तो मांडायला अभियंता लागत नाही, सातवी-आठवीतली पोरेही मांडतात. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होते, एवढे सूत्र पुरे.

कागदावर एक गाव धरू. शिवार ८०० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर. म्हणजे वर्षाला ४०० कोटी लिटर पाणी गावावर पडते. आकडा ऐकून सभेत हमखास हशा होतो, कारण त्याच गावात एप्रिलमध्ये हंड्यांची रांग असते. पण हा पगाराचा वरचा आकडा झाला, हातात पडणारा वेगळा. बरेचसे पाणी वाफ होऊन जाते, काही माती धरून ठेवते आणि पिके पितात, काही ओढ्याने वाहून जाते. आपल्याकडच्या काळ्या कातळात खोल मुरून विहिरीला मिळतो तो ढोबळमानाने दहावा हिस्सा. म्हणजे ४० कोटी लिटर.

आता खर्च. दीड हजार माणसे, माणशी रोजचे ५५ लिटर: वर्षाला तीन कोटी. जनावरांना आणखी एक कोटी. उरले ३६ कोटी. उसाला हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर लागते. अठरा हेक्टर ऊस लावला की खाते रिकामे. त्याच पाण्यात ज्वारी-हरभऱ्याला दोन-तीन पाळ्या द्यायच्या, तर हेक्टरी २५ लाख लिटर धरूनही एकशे चाळीस हेक्टर रब्बी निघते.

आणखी एक गणित यातच दडले आहे. वर्षभर अख्खे गाव जेवढे पाणी पिते, तेवढे दीड हेक्टर ऊस एकटा पितो. सभेत हे वाक्य उच्चारले की पुढची दहा मिनिटे कुणी कुणाकडे बघत नाही. मी हे पाहिले आहे.

हिवरे बाजारमध्ये हा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो आणि त्या वर्षीचा पाऊस पाहून पिके ठरतात. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअरवेल नाही. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले तेव्हा तेही नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले एक दुष्काळी गावच होते. लोक तिथे सहलीला जातात, चर आणि बंधारे बघून येतात. फळ्यावरचा ताळेबंद फार थोडे जण उतरवून आणतात.

## यादीला आराखडा म्हणू नका

दरवर्षी ग्रामपंचायतीने विकास आराखडा करायचा असतो. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने तो आपल्याकडे ओळखला जातो. अनेक ठिकाणी तो म्हणजे कामांची यादी असते: सभामंडप, पेव्हर ब्लॉक, गटार, हायमास्ट. पाण्याचे काम असलेच तर ‘सिमेंट बंधारा, १ नग’.

खरा आराखडा शिवारफेरीतून निघतो. गावाने डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंत पायी हिंडायचे आणि गटनिहाय लिहायचे: इथे माती सुटते, इथे पाणी तुंबते, हा बांध दोनदा फुटला, या विहिरीला डिसेंबरपर्यंतच पाणी. मग कामांचा क्रम ‘माथा ते पायथा’ लावायचा. आधी माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) आणि गवत-झाडे, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग ओढ्यातले दगडी बांध, आणि शेवटी मोठा बंधारा. गळक्या घरात आपण आधी कौल बदलतो, बादली नंतर ठेवतो. पण गावाला आधी बादलीच हवी असते, कारण बंधाऱ्याला उद्घाटन असते. चराला कोण फीत कापणार?

फेरीला बायका हव्यात आणि भूमिहीनही हवेत. सरपणाला आणि जनावरामागे हिंडणाऱ्यांना उतारावरची नवी भेग सगळ्यांत आधी दिसते. माळीण २०१४ मध्ये, तळिये २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी २०२३ मध्ये दरडीखाली गेली. त्यानंतर सह्याद्रीकडेच्या वाड्यांच्या आराखड्यात पाण्याच्या आधी हाच रकाना यायला हवा.

‘पण गावकऱ्यांना तांत्रिक काय कळते?’ असे विचारणारे भेटतात. काही बाबतीत खरेच कळत नाही. ओढा जितका खोल खणू तितके पाणी मुरेल, असे वाटून कातळापर्यंत जेसीबी चालवलेली गावे थोडी नाहीत. म्हणून भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा माणूस आणि कृषी खात्याचा माणूस फेरीत असावा. पण ‘तांत्रिक’ वाल्यांनाही सगळे कळते असे नाही. जलयुक्त शिवार या राज्याच्या पाणी अडवण्याच्या योजनेवर ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाला, आणि भूजल पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापालांनी २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या अहवालात म्हटले. तिथे पैसा कमी पडला होता असे कुणी म्हणू शकत नाही.

## निधीची गोधडी

आता खिशांकडे वळू. एकाच योजनेतून गावाचा सगळा आराखडा कधीच पुरा होत नाही. आजीच्या गोधडीसारखे तुकडे जोडावे लागतात. एक पट्टी लुगड्याची, एक धोतराची. याला सरकारी भाषेत ‘अभिसरण’ म्हणतात: एकाच कामाला निरनिराळ्या योजनांचा पैसा जोडणे.

सर्वांत मोठी पट्टी रोजगार हमीची. ही मूळची महाराष्ट्राचीच, १९७२ च्या दुष्काळातून पुढे आलेली. तिचे जुने सूत्र असे की किमान ६० टक्के खर्च मजुरीवर आणि फार तर ४० टक्के साहित्यावर. त्यामुळे चर, बांध, झाडे यांना ती फिट्ट बसते, सिमेंटच्या कामाला अपुरी पडते. तिथे दुसरी पट्टी लावायची, वित्त आयोगाच्या निधीची. पंधराव्या आयोगाने ग्रामपंचायतीच्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिले होते, म्हणून त्याला ‘बंधित’ निधी म्हणतात. आयोग बदलला की अटी बदलतात, तेव्हा चालू वर्षाच्या अटी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून लेखी घ्याव्यात. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या, आदिवासी गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. तलावातला गाळ काढायला ‘गाळमुक्त धरण’ आहे. जिल्हा नियोजन समिती आहे. गाव प्रकल्पात असेल तर पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आहे: २०१८ मध्ये सुरू झालेला, पहिल्या टप्प्यात सुमारे ४ हजार कोटींचा, त्यातले ७० टक्के जागतिक बँकेचे कर्ज. पोकराने पाच हजारांवर गावांत पाण्याच्या ताळेबंदापासून आराखडे करायला लावले, ही त्याची मोठी गोष्ट. गावात चर्चा मात्र ठिबक-तुषारच्या अनुदानाचीच जास्त ऐकू येते.

पट्ट्या आहेत, मग अडते कुठे? धाग्याला. कोणत्या गटातले काम कोणत्या योजनेत बसते, त्याचे अंदाजपत्रक कोण करणार, तांत्रिक मान्यता कुणाच्या टेबलावर आहे, रोजगार हमीच्या शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, काम वेळेत चढले का, या धावपळीला महिने लागतात आणि त्याचे पैसे कुठल्याच योजनेत धडपणे धरलेले नसतात. सरपंच स्वतःच्या पेट्रोलने तालुक्याला खेपा घालतो आणि तिसऱ्या खेपेला कंटाळतो. आमच्या ओळखीतल्या एका गावाचा प्रस्ताव तर केवळ गट नंबर जुने होते म्हणून वर्षभर पडून होता.

हे ज्यांना आधी कळले त्यांचे उदाहरण नगर जिल्ह्यातच आहे. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आणि नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने राबवलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाला मोठा निधी लगेच मिळत नसे. आधी वर्ष-दीड वर्ष तयारीचा टप्पा. गावाने श्रमदान करून दाखवायचे, कुऱ्हाडबंदी-चराईबंदीचा ठराव करायचा आणि तो पाळायचा, पाणलोट समिती निवडायची, शिवाराच्या छोट्या तुकड्यावर काम करून हिशेब लिहायला शिकायचे. मदत करणाऱ्या संस्थेला या शिकवणीसाठी वेगळा पैसा मिळत असे. मोठी रक्कम नंतर. घोडा आणण्याआधी बसायला शिकवण्याचा खर्च कुणीतरी मंजूर केला होता, एवढाच फरक; आणि आजच्या बहुतेक योजना तो खर्च वाचवतात.

## ‘कर भरतो, मग श्रमदान कशाला?’

हा आक्षेप मला पटतो, निदान अर्धा. शहरात उड्डाणपुलाला कुणी श्रमदान मागत नाही. शिवाय गावात घमेली उचलतात बहुतेक भूमिहीन आणि बायका, आणि विहीर भरते ती ओढ्याकाठच्या बागायतदाराची. ज्याच्या घामातून पाणी आले त्याच्या वाट्याला पाणीच नाही, असा तो व्यवहार होतो.

यावरचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात शोधले गेले. विलासराव साळुंखे पुण्यातले अभियंता आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळाने हादरून ते तिथे गेले, देवस्थानची १६ हेक्टर माळजमीन कराराने घेतली आणि त्यावर पाणी अडवून दाखवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम असे: पाणी जमिनीच्या आकाराप्रमाणे नाही, माणसांच्या संख्येप्रमाणे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस नाही.

पैशांची मांडणीही तितकीच विचारपूर्वक होती. पाणी उपसून शेतात आणण्याच्या योजनेच्या खर्चाचे २० टक्के सभासदांनी आधी भरायचे, ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले ३० टक्के साळुंख्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज. यातली खुबी बघा. सभासदाचे वीस टक्के अडकले की तो पंप बंद पडू देत नाही. वाटपाचा नियम आधी ठरला, म्हणून भरायला तो तयार झाला. आपल्याकडे आज हे उलटे होते: आधी लोकवाटा गोळा करतात, आणि पाणी कुणाचे यावर भांडण बंधारा भरल्यावर.

या योजना सगळ्या टिकल्या नाहीत. पण श्रमदान मागायचे असेल तर मागणाऱ्याने आधी वाटपाचा ठराव ग्रामसभेत वाचून दाखवावा, एवढी अट भूमिहीनांनी घालायला काय हरकत आहे?

## जगाचा पैसा गावात येतो का?

श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला वचन दिले की २०२० पर्यंत गरीब देशांच्या हवामानबदलाच्या कामांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. ते प्रत्यक्षात २०२२ मध्ये पुरे झाले, आणि त्यातला मोठा वाटा शमनाला गेला. शाकारणीला कमीच.

याच घडामोडींतून ‘ग्रीन क्लायमेट फंड’ निघाला. त्याचे कार्यालय दक्षिण कोरियात सोंगदोला. तो घाऊक बाजार आहे. तिथे पावशेर मिळत नाही आणि गावाला थेट दुकानात शिरताही येत नाही; नाबार्डसारख्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत किंवा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत जावे लागते. २०१८ मध्ये या निधीने महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी सुमारे ४.३ कोटी डॉलर मंजूर केले. कांदळवने पुन्हा उभी करणे आणि खेकडापालनासारख्या धंद्यांनी कोळी कुटुंबांना आधार देणे, असे त्याचे काम. म्हणजे पैसा येतो, पण जिल्ह्या-जिल्ह्यांची मोट बांधून.

## कंपनी आणि कार्बनवाला

मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, हाच सीएसआर. पर्यावरण त्यात बसते. कंपनीला मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, म्हणून जानेवारीत ज्या गावाकडे नकाशा आणि अंदाजपत्रक तयार असते त्याचे नशीब उघडते. तिच्याकडून जेसीबीचे डिझेल मागण्यापेक्षा वर्षभराचा एक पगारी माणूस मागावा, आराखड्याचा धागा ओवायला. फोटो चांगला येत नाही म्हणून बऱ्याच नाही म्हणतात, पण विचारावे.

कार्बन क्रेडिटवाले एजंट मात्र घरी येऊन विचारतात. झाडांनी शोषलेल्या कार्बनचा हिशेब करून तो दूरच्या कंपनीला विकायचा, असा तो धंदा. करार वीस-तीस वर्षांचे असतात. गायरानावर असा करार करायचा तर एकट्या सरपंचाची सही चालवून घेऊ नका. मसुदा मराठीत मागा आणि ग्रामसभेत वाचा.

## बरगे कोण टाकणार?

शेवटी एक क्षुल्लक वाटणारी बाब. कोल्हापुरी बंधाऱ्याला लोखंडी फळ्या असतात, त्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्यात त्या काढून ठेवायच्या म्हणजे पूर निघून जातो, आणि पाऊस सरताना टाकायच्या म्हणजे पाणी अडते. लाखोंचा बंधारा असतो आणि बरगे टाकायला काही हजारांची मजुरी नसते. काही ठिकाणी बरगेच चोरीला जातात, भंगारात. मग ऑक्टोबरचे शेवटचे पाणी उघड्या बंधाऱ्यातून निघून जाते आणि सगळे काठावर उभे राहून बघतात.

बांधायला निधी देणाऱ्या बहुतेक योजना देखभालीला देत नाहीत. म्हणून ज्यांच्या विहिरींना फायदा होतो त्यांच्याकडून हंगामाला एकरी ठरावीक रक्कम घ्यायची, वेगळे बँक खाते काढायचे, सह्या दोघांच्या आणि त्यातली एक बाईची, जमाखर्च चावडीवर लावायचा. हे सगळे आराखड्याच्या शेवटच्या पानावर आधीच लिहिलेले हवे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाच्या कामांची चर्चा निघाली, की पहिला प्रश्न हाच टाकून बघा: आपले बरगे कुठे ठेवलेत, आणि किती शिल्लक आहेत?